वाट आधी, ताकद नंतर : मधल्या इंजिनाची गाडी चारही चाकांवर कशी आली



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, गोखिवऱ्यात स्पोर्ट्स कार कुठून आली? प्रश्न रास्त आहे. इथल्या गाळ्यांमध्ये लेथ चालतात, डाय बनतात, टेम्पोच्या क्लचप्लेटा बदलल्या जातात. लॅम्बोर्गिनी दिसलीच तर अहमदाबाद हायवेवरून जाताना, तीही आवाजावरून मान वळवेपर्यंत पुढे गेलेली. तरीही हा विषय इथेच मांडावा असं आम्हाला वाटलं. कारण गाडीत बदल करण्याचं काम शेवटी गाळ्यातच होतं. आणि गाळ्यात काम शिकणारी मुलं हल्ली मोबाइलवर बघतात की परदेशात कुणी मागच्या दोन चाकांवर चालणारी, मधल्या इंजिनाची गाडी उघडली आणि तिला फोर-व्हील ड्राइव्ह करून टाकलं. मग ती मुलं विचारतात, आपण का नाही?

या 'का नाही'चं उत्तर नुसत्या पान्यांनी मिळत नाही, त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो. त्या इतिहासातून निघणारं आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चारही चाकांना ताकद ही गाडीला वरून जोडायची वस्तू नाही. त्या ताकदीला जायला वाट लागते, आणि ती वाट इंजिन कुठल्या दिशेला तोंड करून बसवलं आहे त्यावर ठरते. ज्या गाडीत ती वाट होती, तिथे हा बदल वीस वर्षांनंतरही जमला. जिथे नव्हती, तिथे मोठमोठ्या कंपन्यांनाही अख्खी गाडी नव्याने करावी लागली.

आधी शब्द स्पष्ट करू. मधलं इंजिन म्हणजे पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल यांच्या मध्ये बसवलेलं इंजिन. ही फक्त श्रीमंतांची चैन आहे असं समजू नका. मारुतीची ओम्नी आठवा. १९८४ साली आली आणि २०१९ पर्यंत बनत होती. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की खाली इंजिन, म्हणूनच उन्हाळ्यात ड्रायव्हरची बैठक तापायची. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, त्याचंही इंजिन सीटखालीच, ताकद मागच्या चाकांना. स्पोर्ट्स कारमध्ये हेच इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या एक्सलच्या पुढे असतं. वजन गाडीच्या पोटाशी राहतं, म्हणून वळणावर गाडी चटकन वळते.

मग तिला चारही चाकांची गरज का पडली? एक साधा हिशोब करू. गाडीचं वजन समजा १५०० किलो, त्यातलं ६० टक्के, म्हणजे ९०० किलो, मागच्या चाकांवर. कोरड्या डांबरावर चांगला टायर आपल्यावरच्या वजनाइतका जोर रस्त्यावर लावू शकतो. ओल्या रस्त्यावर तो साधारण निम्म्यावर येतो असं धरू. म्हणजे फक्त मागची चाकं फिरत असतील, तर ९०० चे निम्मे, ४५० किलोचा जोर. चारही चाकं फिरत असतील, तर १५०० चे निम्मे, ७५०. इंजिन तेच, टायर तेच, पाऊस तोच. वेग घेताना वजन थोडं मागे सरकतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक जरा कमी होतो, पण राहतो. इंजिन लहान होती तोवर हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. इंजिनाची ताकद वाढत गेली तशी ती रस्त्यावर उतरेना, मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या वाटेवर ओढ्यात मोटरसायकल अडकवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडची गोष्ट. मराठी मुलखाला चारही चाकांवर चालणारी गाडी ठाऊक झाली ती जीपमुळे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांचा कारखाना कांदिवलीत उभा राहिला. इथून खाडी ओलांडली की काही स्टेशनं. जीपची रचना एकदा डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं तिच्याशी ताडून बघायचं आहे. इंजिन पुढे, त्याच्या मागे क्लच, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सच्या शेपटाला आणखी एक पेटी, जिला ट्रान्सफर केस म्हणतात. ही पेटी गिअरबॉक्सची ताकद घेते आणि जरा बाजूला उतरवते. तिथून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. पुढचा शाफ्ट इंजिनाच्या कडेने जावा म्हणून जीपचा डिफरन्शिअल मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. जुन्या जीपखाली वाकून पाहिलंत तर हे आजही दिसेल. म्हणजे ज्यांनी ती आखली, त्यांनी पहिल्याच कागदावर पुढच्या शाफ्टची वाट राखून ठेवली होती.

गंमत अशी की आपल्याकडे पुढची कित्येक दशकं बदल झाला तो उलट दिशेने, चारावरून दोनावर. कमांडर, मार्शल या गाड्या गावोगाव पसरल्या, पश्चिम महाराष्ट्रात त्यांनी वडाप चालवलं, पण त्यातल्या बहुतेक मागच्या चाकांवरच चालणाऱ्या. पुढचा डिफरन्शिअल, ट्रान्सफर केस, शाफ्ट, हे सगळं म्हणजे खर्च आणि वजन. ज्यांच्याकडे फोर-व्हील होती त्यातलेही काही मालक डिझेल वाचावं म्हणून पुढचा शाफ्ट काढून कोपऱ्यात ठेवायचे. काढणं सोपं होतं, कारण वाट तयार होती. शाफ्ट पुन्हा बसवला की गाडी पुन्हा चारावर. नसलेली वाट करणं ही मात्र वेगळी गोष्ट, आणि मधल्या इंजिनाच्या गाडीत नेमकी तीच अडचण आहे.

ती कशी ते बघू. नेहमीच्या मधल्या इंजिनाच्या गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन असतं, त्याच्या मागे क्लच आणि गिअरबॉक्स, आणि त्यातच डिफरन्शिअल. ताकद बाहेर पडते ती गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, पुढच्या चाकांपासून सगळ्यात लांब. ती पुढे आणायची तर वाटेत खुद्द इंजिन आडवं येतं. इंजिनाच्या कडेने शाफ्ट न्यायचा तर तिथे एक्झॉस्टचे पाइप, खालून न्यायचा तर ऑइल सम्प. त्याच्या पुढे पेट्रोलची टाकी, मग दोन सीटा, मग स्टिअरिंगचा रॅक. प्रत्येकाने आपली जागा आधीच धरलेली.

यावर पहिला मोठा प्रयत्न शर्यतीच्या गाड्यांत झाला. १९६१ साली फर्ग्युसन पी-९९ नावाच्या गाडीने इंग्लंडमध्ये ओल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. चालवणारा स्टर्लिंग मॉस. हे फर्ग्युसन म्हणजे ट्रॅक्टरवाले फर्ग्युसनच. पण त्या गाडीचं इंजिन पुढे होतं, म्हणजे मुळात जीपचाच घाट. तोवर बाकीच्यांची इंजिनं ड्रायव्हरच्या पाठीमागे गेली होती. १९६९ साली लोटस, मात्रा आणि मॅकलारेन या तिघांनी मधल्या इंजिनाची, चारही चाकांची फॉर्म्युला वन गाडी बनवून शर्यतीत उतरवली. इंजिन बनवणाऱ्या कॉसवर्थनेही एक बनवली, ती शर्यतीत उतरलीच नाही. आणि ताकद पुढे आणायची म्हणून त्यांनी काय केलं? इंजिनच उलटं फिरवून बसवलं. क्लचची बाजू ड्रायव्हरच्या पाठीकडे आणि इंजिनाची पुढची बाजू मागे. म्हणजे ताकद गाडीच्या मध्यावर बाहेर पडली, आणि तिथून एक शाफ्ट पुढे, एक मागे. जीपचीच ट्रान्सफर केस, फक्त आता इंजिनाच्या पुढ्यात.

आमच्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट हीच आहे. शाफ्टला वाट मिळेना म्हणून त्यांनी इंजिनाचं तोंड फिरवलं.

तरी त्या गाड्या चालल्या नाहीत. वजन वाढलं, स्टिअरिंग जड झालं, आणि त्याच सुमारास शर्यतीच्या गाड्यांवर पंख आले. वाऱ्याचा दाब चाकांवर घेऊन तेच काम पंख फुकटात करू लागले. मात्राच्या गाडीने कॅनडाच्या शर्यतीत सहावं येऊन एक गुण मिळवला. चारही चाकांच्या गाडीला फॉर्म्युला वनच्या अजिंक्यपदात मिळालेला तो एकमेव गुण. पुढे १९८३ पासून तिथे चारही चाकांना बंदीच आली.

डांबराच्या बांधीव ट्रॅकवर जे जमलं नाही ते माती-बर्फाच्या रॅलीत जमलं. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीने क्वात्रो दाखवली. तिचं इंजिन पुढे होतं, पण तिच्यातली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. ऑडीने गिअरबॉक्समधला एक शाफ्ट पोकळ केला. ताकद त्या पोकळ शाफ्टमधून मागे जाते, तिथे मधल्या डिफरन्शिअलमध्ये वाटली जाते, आणि पुढच्या चाकांचा वाटा त्याच पोकळीतून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टवरून परत पुढे येतो. एका नळीतून दुहेरी वाहतूक. वेगळी ट्रान्सफर केस नको, जास्तीची जागा नको.

त्याच काळात इटलीची लान्चिया ०३७ मैदानात होती. मधलं इंजिन, फक्त मागची चाकं. १९८३ चं निर्मात्यांचं जागतिक अजिंक्यपद तिने क्वात्रोच्या नाकावर टिच्चून जिंकलं. दोन चाकांच्या ताकदीवर ते अजिंक्यपद जिंकणारी ती शेवटची गाडी ठरली. कारण लगेच पुढच्या वर्षी प्यूजोची २०५ टर्बो १६ आली, मधलं इंजिन आणि चारही चाकं एकत्र. १९८५ आणि १९८६ ची अजिंक्यपदं तिने घेतली. आता लान्चियाने काय केलं ते बघा. हातात जग जिंकलेली मधल्या इंजिनाची गाडी होती. सोपा विचार असा की तिलाच पुढचा डिफरन्शिअल जोडावा. तसं त्यांनी केलं नाही. डेल्टा एस-४ ही नवीच गाडी त्यांनी आखली. ज्यांच्याकडे माणसं, यंत्रं, पैसा सगळं होतं, त्यांनीही जुन्या सांगाड्यात वाट खोदत बसण्यापेक्षा नवा सांगाडा करणं पसंत केलं.

आणि या गोष्टीचा शेवटही सांगायला हवा. चारही चाकं आल्यावर पकड वाढली, म्हणून ताकद आणखी वाढवली गेली, आणि वेग माणसाच्या आवाक्याबाहेर गेला. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली, माणसं मेली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावर डेल्टा एस-४ दरीत कोसळून पेटली आणि हेन्री तोइवोनेन व त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो दोघेही गेले. तो वर्गच बंद करण्यात आला. चारही चाकं गाडीला पुढे ढकलायला मदत करतात, थांबायला नाही. ब्रेक लावल्यावर दोन चाकांची गाडी आणि चार चाकांची गाडी यांत काही फरक नसतो, कारण ब्रेक सगळ्यांनाच चारही चाकांवर असतात. हे गाळ्यातल्या मुलांना आम्ही पहिल्यांदा सांगतो.

आता ज्या गाडीत असा बदल खरोखर झाला आणि टिकला, तिच्याकडे येऊ. लॅम्बोर्गिनीने १९६६ साली मिउरा काढली. बारा सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं. पुढची गाडी, काउंटॅक, १९७१ साली जिनिव्हात दिसली आणि १९७४ पासून बनू लागली. तिचे मुख्य अभियंते पाओलो स्तान्झानी. त्यांनी इंजिन लांबीच्या दिशेने बसवलं, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे न ठेवता पुढे आणला, ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधल्या बोगद्यात. मग मागच्या चाकांना ताकद कशी? गिअरबॉक्समधून एक शाफ्ट उलटा मागे, थेट इंजिनाच्या सम्पमधून, बंद नळीतून, मागच्या डिफरन्शिअलपर्यंत. इतका उपद्व्याप कशासाठी? गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर यावा, लांब सळ्या नकोत, आणि वजन मध्याकडे यावं म्हणून. चारही चाकांचा त्याच्याशी संबंध नव्हता. ती गाडी आयुष्यभर मागच्या चाकांवरच चालली.

पण १९९० साली तिची वारस डायब्लो आली, तीही याच घाटाची. आणि १९९३ साली डायब्लो व्हीटी आली, चारही चाकांची. काम काय करावं लागलं? गिअरबॉक्सचं तोंड आधीच पुढे होतं, आधीच दोन सीटांच्या मध्ये. तिथून एक शाफ्ट पुढे काढला, पुढे डिफरन्शिअल बसवला, आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग घातलं. हे कपलिंग म्हणजे घट्ट सिलिकॉन द्रवात बुडवलेल्या चकत्यांचा डबा. मागची चाकं घसरून जास्त फिरू लागली की द्रव चकत्यांना एकमेकींबरोबर ओढतो आणि ताकदीचा काही हिस्सा पुढे जातो. इंजिन फिरवावं लागलं नाही. १९७१ साली एका माणसाने गिअरच्या दांड्यासाठी राखलेली वाट बावीस वर्षांनी शाफ्टच्या कामी आली.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या घरचं घेऊ. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये मुंबईच्या डीसी डिझाइनने अवंती दाखवली. मराठी माणसाने इथे मुंबईत, पुण्यात पाहिलेली मधल्या इंजिनाची देशी स्पोर्ट्स कार म्हणजे ती. इंजिन रेनोचं, दोन लिटरचं, टर्बो, आडवं बसवलेलं. ही पद्धत जुनी आणि शहाणपणाची आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या साध्या मोटारीचं इंजिन-गिअरबॉक्स हे अख्खं गाठोडं उचलायचं आणि सीटांच्या मागे ठेवायचं. टोयोटाची एमआर-२ अशीच, फियाटची एक्स-१/९ अशीच. स्वस्तात मधलं इंजिन मिळतं. पण याच गाड्या चारही चाकांवर आणणं सगळ्यात अवघड.

का ते सांगतो. अशा काही इंजिनांची फोर-व्हील आवृत्ती कंपनीच दुसऱ्या मोटारीत देते. एमआर-२ च्या टर्बो इंजिनाचं भावंड टोयोटाच्या सेलिका जीटी-फोरमध्ये चारही चाकं फिरवत होतं. मुलांना वाटतं, तो गिअरबॉक्स आणला की झालं. पण सेलिकात इंजिन पुढे, म्हणून तिच्या गिअरबॉक्समधून शाफ्ट मागे निघतो. तेच गाठोडं तसंच एमआर-२ च्या मागे ठेवलं, तर शाफ्ट निघणार तोही मागे, म्हणजे नंबरप्लेटकडे! बरं, मग अख्खं गाठोडं फिरवून ठेवू. शाफ्ट पुढे आला खरा, पण आता चाकं उलटी फिरणार. जात्याचा खुंटा वरून बघितला तर एका दिशेने फिरताना दिसतो, खालून बघता आला तर उलट दिशेने दिसेल, तसंच हे. पाच गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला!

इंजिन लांबीच्या दिशेने असेल तर याला उपाय असतो. डिफरन्शिअलमधला क्राऊन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवला की दिशा सुलट होते. इंजिन उलटं बसवणाऱ्याला हा मार्ग मोकळा असतो. आडव्या गाठोड्यात मात्र तिथे क्राऊन-पिनियन नसतो, दात्याला दाता लावलेले साधे गिअर असतात, बाजू बदलून काही होत नाही. मग नवी पेटी ओतायची, नवे गिअर कापायचे. म्हणजे जुन्या गाडीत बदल न राहता ती नवी गाडी बनवणंच झालं.

समजा हेही जमलं. तरी एक हिशोब राहतो, जो पुष्कळ जण विसरतात. स्पोर्ट्स कारची पुढची चाकं मागच्यापेक्षा लहान असतात. पुढच्या टायरचा व्यास ६३ सेंटिमीटर आणि मागच्याचा ६८ धरला, तर एका किलोमीटरला पुढचं चाक साधारण ५०५ वेळा फिरतं आणि मागचं ४६८ वेळा. सदतीस फेऱ्यांचा फरक, दर किलोमीटरला, सरळ रस्त्यावर. म्हणून पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचं प्रमाण वेगवेगळं ठेवावं लागतं. मागे ४.१० असेल तर पुढे ३.८० च्या जवळ. दोन्हीकडे सारखंच बसवलं, तर व्हिस्कस कपलिंगमधला द्रव सतत घुसळला जाऊन तापतो, घट्ट होतो, आणि पुढची-मागची चाकं एकमेकांशी जखडली जातात. ओल्या वळणावर हे झालं तर ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

गोखिवऱ्याच्या गाळ्यात यातलं काय होईल? ब्रॅकेट होतील, शाफ्टची लांबी कमी करून बॅलन्सिंग होईल, माउंटिंग होईल, आणि चांगल्या हाताने होईल. या भागातल्या टर्नर-फिटरच्या हाताबद्दल आम्हाला शंका नाही. अडतं ते हिशोबाशी आणि तपासणीशी. डिफरन्शिअल बसवायला पुढची फ्रेम कापली, तर समोरून धडक झाल्यावर ती कशी दुमडेल हे कोण तपासणार? कंपनी त्यासाठी गाड्या मुद्दाम आदळून फोडते. गाळ्यात गाडी एकच असते, आणि तिच्यात बसणारा माणूसही.

इथे कायदा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं की मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलापासून नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. रंग बदलणं, किरकोळ जोडणी, कायद्याने मान्य केलेलं किट, हे वेगळं. पण सांगाडा कापून ताकदीची रचनाच बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पुष्कळांना हा जाच वाटतो. आम्हाला तसं वाटत नाही. पण एक रुखरुख आहे. ज्या मुलाला खरोखर शिकायचं आहे त्याने हे करून बघायचं कुठे?

याचं एक अर्धं उत्तर पुण्यातून आलं होतं. २०१० साली केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज या पुण्याच्या दोन कंपन्यांनी रेव्होलो नावाचं किट जाहीर केलं. चालू पेट्रोल गाडीला विजेची मोटर आणि बॅटरी जोडून हायब्रिड करायचं. मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडलेली, म्हणजे गाडीचा सांगाडा कापायचा नाही. तेव्हा अशा किटसाठी देशात नियमच नव्हते. ते आले २०१६ मध्ये. रेव्होलो रस्त्यावर फारशी दिसली नाही, पण एक दार किलकिलं झालं. प्रमाणित किट, मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी, मग नोंदणी. अशी तपासणी करणारी एआरएआय ही संस्था तर १९६६ पासून पुण्यातच आहे.

वीज आल्यावर मूळ प्रश्नाचं रूपच बदललं. २०२३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट ई-रे दाखवली. मधलं इंजिन मागची चाकं फिरवतं, आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये शाफ्टच नाही. एक जाड तार पुरते, आणि तारेला वळणं चालतात. टायरच्या फेऱ्यांचा हिशोब संगणक करतो. त्याच वर्षी लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो आली. तिच्यात पुढच्या चाकांसाठी दोन मोटरी आहेत. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे गेला. मग स्तान्झानींनी गिअरबॉक्ससाठी केलेला तो मधला बोगदा? त्यात आता बॅटरी ठेवली आहे. पन्नास वर्षांत त्या एका वाटेवरून आधी गिअरचा दांडा आला, मग शाफ्ट गेला, आणि आता तिथे वीज साठवतात.

शिकायचं कुठे, हा प्रश्न मात्र राहिला. त्याचंही उत्तर आहे, आणि ते इटलीत शोधायला नको. २००७ पासून आपल्याकडे बाहा एसएई इंडिया ही विद्यार्थ्यांची स्पर्धा भरते. महाराष्ट्रातल्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे चमू इंदूरजवळ पिथमपूरला गाड्या घेऊन गेले आहेत. नळ्यांचा सांगाडा, ड्रायव्हरच्या पाठीमागे साधारण दहा हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं इंजिन, माती, खड्डे, चिखल. म्हणजे मधल्या इंजिनाचीच जात. अमेरिकेतल्या मूळ स्पर्धेत तर २०२३ पासून चारही चाकांना ताकद सक्तीची झाली. म्हणून विद्यार्थ्यांसमोर आज तोच प्रश्न आहे जो १९६९ साली लोटससमोर होता. पाठीमागून निघालेली ताकद ड्रायव्हरच्या सीटखालून पुढे कशी न्यायची? फरक इतकाच की इथे सांगाडा पहिल्यापासून त्यांनीच आखायचा असतो, वेग आवाक्यात असतो, आणि परीक्षक जोडणी तपासल्याशिवाय मैदानात सोडत नाहीत. वसईत आणि विरारमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. त्यांच्या मुलांकडे आकडेमोड आहे. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत हात आहेत. या दोघांची गाठ पडायला कुठलाही कायदा आड येत नाही.

तेव्हा गाळ्यात कुणी मोबाइल पुढे करून विचारलं की ही गाडी फोर-व्हील होईल का, तर हो किंवा नाही असं लगेच सांगू नका. त्याला गाडीखाली वाकून पाहायला सांगा. इंजिनाचं तोंड कुठे आहे, ताकद कुठून बाहेर पडते, तिथून पुढच्या चाकापर्यंत मध्ये काय काय आहे, हे कागदावर काढायला सांगा. शाफ्ट कापायची वेळ त्यानंतरची. तो कागद पूर्ण केलेला मुलगा गाडीला हात न लावताही पुष्कळ शिकलेला असेल.